कार्यानुभव : वहीतला आणि वेशीबाहेरचा

संत मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातील मजुरांचा जो दाखला आहे, त्यातील एका प्रसंगाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. दिवस मावळायला एकच तास उरला असताना मळ्याचा धनी पुन्हा बाजारात जातो आणि तेथे अजूनही काही माणसे उभी असलेली त्याला दिसतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे तो विचारतो. त्यांनी आळस केलेला नसतो. त्यांना कोणी कामावर बोलावलेलेच नसते. शेवटच्यांना मिळालेल्या पूर्ण मजुरीविषयी आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. त्यांच्या दिवसभराच्या ताटकळण्याविषयी मात्र क्वचितच ऐकतो.

नागपूरच्या आग्नेयेस सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या कुहीसारख्या तालुक्याच्या गावी हे ताटकळणे आजही पाहावयास मिळते. दहावी-बारावी झालेली, क्वचित पदवी हाती आलेली मुले-मुली कामाच्या शोधात नागपूरला जातात आणि 'अनुभव काय?' या एका प्रश्नापाशी अडतात. अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. या कोंडीतून वाट काढण्यासाठी कोणी बिनपगारी उमेदवारी करतो, कोणी सेवाभावी संस्थेत नाव नोंदवतो, कोणी प्रमाणपत्रापुरते शिबिर उरकतो. अशा वेळी कोणते काम पत्करावे आणि कोणते नाकारावे, हे त्यांना सांगणार कोण? या प्रश्नाला इतिहासाने काही उत्तरे देऊन ठेवली आहेत, आणि त्यांतील बरीचशी कुहीपासून फार दूर नाहीत.

'कार्यानुभव' हा शब्द महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीचा आहे. शाळेच्या वेळापत्रकात त्याची तासिका असे. कागदी फुले, पाकिटे, पुठ्ठ्याचे पेनस्टँड, काथ्याचे पायपुसणे अशा वस्तू वर्षअखेरीस तपासणीसाठी मांडल्या जात. त्यांतील किती मुलांनी केल्या आणि किती त्यांच्या आयांनी रात्री जागून पुऱ्या केल्या, हे घरोघरी ठाऊक होते. कार्य आईचे आणि अनुभव मुलाच्या वहीतला, अशी त्याची गत झाली. तथापि, या शब्दामागची मूळ कल्पना पाकिटांपुरती नव्हती.

ती कल्पना आकाराला आली विदर्भातच. १९३७ च्या ऑक्टोबरात, २२ व २३ तारखेस, वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलाचे शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या द्वारे व्हावे, हा विचार तेथे मांडला गेला आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या हिंदुस्तानी तालिमी संघाने सेवाग्रामात हे काम हाती घेतले. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात कार्यानुभव हा सर्व स्तरांवरील शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, अशी शिफारस केली. घर, शाळा, शेत, कार्यशाळा किंवा कारखाना यांतील उत्पादक कामात विद्यार्थ्याचा प्रत्यक्ष सहभाग त्यात अपेक्षित होता. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असा शब्दप्रयोग पुढे आणला. म्हणजे काम उत्पादक असावे, समाजाला त्याचा उपयोग व्हावा आणि करणाऱ्याने त्यातून शिकावे, अशा तीन अटी होत्या. शाळेच्या चार भिंतींत पहिली अट कागदी फुलांवर भागवण्यात आली आणि उरलेल्या दोन विस्मरणात गेल्या.

कामाची निवड कशी करावी, याचा धडा ख्रिस्तसभेच्या इतिहासात याहून पुष्कळ जुना आहे. १६१७ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील शातियाँ या गावी संत व्हिन्सेंट द पॉल पालकपुरोहित होते. एका रविवारी मिस्सेपूर्वी त्यांना निरोप आला, की गावाबाहेर एक संपूर्ण कुटुंब आजारी पडले असून मदतीला कोणी नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितले. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तो वाटेवर अन्न घेऊन जाणाऱ्या-येणाऱ्या बायांची रीघ लागलेली. दुसऱ्या कोणाला या दृश्याने केवळ धन्य वाटले असते. व्हिन्सेंट यांच्या मनात निराळाच विचार आला. आज आलेले एवढे अन्न नासणार आणि उद्या ते कुटुंब पुन्हा उपाशी राहणार! दया होती, पण तिला क्रम नव्हता. त्यांनी काही दिवसांतच त्या स्त्रियांना एकत्र केले, पाळ्या लावून दिल्या, नियम लिहून काढले. पुढे जगभर पसरलेल्या त्यांच्या सेवाकार्याचा उगम या पाळ्यांच्या यादीत आहे.

दोन शतकांनंतर पॅरिसमध्ये याच संताच्या नावाने दुसरा अध्याय सुरू झाला. फ्रेडरिक ओझानाम हा कायद्याचा विद्यार्थी वीस वर्षांचा होता. विद्यार्थ्यांच्या वादसभेत ख्रिस्ती धर्माच्या गतवैभवाविषयी तो बोलत असे. 'पूर्वीचे राहू द्या, आज तुम्ही काय करता?' असा सवाल विरोधकांनी केला, तेव्हा त्याच्यापाशी उत्तर नव्हते. २३ एप्रिल १८३३ रोजी तो व त्याचे मित्र एकत्र आले आणि गरिबांच्या घरी जायचे ठरले. पण कोणाच्या घरी? विद्यापीठातल्या मुलांना पॅरिसची गरीब वस्ती ठाऊक नव्हती. तेव्हा त्यांना मुफतार भागात अनेक वर्षे राबणाऱ्या सिस्टर रोझाली रेंदू या धर्मभगिनीकडे पाठवण्यात आले. कोणत्या कुटुंबाकडे जावे, सोबत काय न्यावे, किती बोलावे आणि किती ऐकावे, हे त्यांनी या तरुणांना शिकवले. ओझानाम यांना १९९७ साली आणि सिस्टर रोझाली यांना २००३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'धन्य' घोषित केले. स्थापना विद्यार्थ्यांनी केली, हे आपण लक्षात ठेवतो; पण त्यांना पत्ता सांगणारी सिस्टर नसती, तर तो उत्साह वादसभेतच विरून गेला असता. सेवा करू इच्छिणाऱ्याची पहिली गरज हीच असते. ज्याला ती वस्ती आतून ठाऊक आहे, असे कोणीतरी त्याला भेटावे लागते.

आता पुन्हा वर्ध्याकडे येऊ. तेथील रचनात्मक कार्यात ख्रिस्ती कार्यकर्त्यांचा वाटा किती मोठा होता, याची जाणीव आपल्या घरांत कमी आहे. हे कार्यकर्ते कॅथलिक नव्हते. परंतु त्यांचा वारसा आपल्याला परका मानण्याचे कारण नाही. तालिमी संघाचे चिटणीस ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे तेव्हाच्या सिलोनमधील तमिळ ख्रिस्ती होते. मार्जोरी साइक्स या क्वेकर पंथीय शिक्षिकेने पुढे सेवाग्रामात अनेक वर्षे शिक्षक घडवले. आणि जे. सी. कुमारप्पा! १८९२ साली तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले हे गृहस्थ १९२९ साली गांधीजींना भेटले. त्यांना मिळालेले पहिले मोठे काम कोणते होते? गुजरातमधील मातर तालुक्याची पाहणी. गुजरात विद्यापीठातील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी खेड्यापाड्यांत घरोघरी जमाखर्चाची चौकशी केली. त्या विद्यार्थ्यांच्या हाती ना कुदळ होती ना झाडू. होती ती प्रश्नावली. शेतकऱ्याला किती पिकते, किती सारा द्यावा लागतो आणि पोटाला किती उरते, हे विचारणे हीच त्यांची सेवा आणि तेच त्यांचे शिक्षण. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत आले आणि १९३८-३९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. मदतीआधी माहिती, आणि माहितीसाठी पायपीट, हा त्यांचा क्रम होता. हिशेबतपासनिसाने आपली विद्या टाकून दिली नाही, तिचा अशील मात्र बदलला. आपल्या वाणिज्य शाखेच्या मुला-मुलींनी हे ध्यानात घ्यावे. सेवा म्हणजे केवळ रस्ता झाडणे नव्हे. बचतगटाची वही नीट लिहून देणे हीदेखील सेवाच आहे.

बोलावल्याशिवाय केलेल्या सेवेचे काय होते, हे पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने अनुभवले. पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या वेर्दूंजवळील एन या फ्रेंच खेड्यात १९२० साली त्याने निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांना घेऊन घरे उभारण्याचे काम सुरू केले. त्यांत जर्मनही होते. काल ज्यांच्या तोफांनी घरे पाडली, त्यांच्याच बांधवांनी ती बांधावीत, हा विचार उदात्त होता. पण गावाचे मन त्यासाठी तयार नव्हते. विरोध वाढला आणि काही महिन्यांतच काम आवरते घ्यावे लागले. सेरेसोल यांनी ध्येय सोडले नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा ते भारतात आले. मुझफ्फरपूर भागात भूकंपानंतर पुराच्या तडाख्यात सापडणारी खेडी उंच जागी नव्याने वसवण्याच्या कामात ते व त्यांचे सहकारी स्थानिक लोकांबरोबर राबले. त्यांच्या 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संघटनेची भारताशी गाठ पडली ती अशी.

हीच गाठ पुढे विदर्भात आणखी घट्ट झाली. १९५१ साली बाबा आमटे व साधनाताई वरोऱ्याजवळील खडकाळ माळावर सहा कुष्ठरुग्णांसह राहावयास गेले. त्यापूर्वी बाबांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेतले होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. करुणेने पेटलेला हा वकील आधी विद्यार्थी झाला आणि मगच सेवक. आनंदवनाच्या आरंभीच्या वर्षांतच या आंतरराष्ट्रीय संघटनेचे स्वयंसेवक तेथे आले. रुग्णांबरोबर राहून, त्यांच्यासोबत विटा-दगड वाहून त्यांनी इस्पितळाच्या इमारती उभ्या केल्या. त्या इमारतींइतकेच मोल दुसऱ्या एका परिणामाचे होते. दूरदेशीची माणसे रुग्णांच्या पंगतीला बसतात, हे आजूबाजूच्या लोकांनी पाहिले आणि भीतीची भिंत ढासळू लागली. मोलोकाई बेटावर १८७३ साली स्वेच्छेने गेलेल्या संत डेमियन यांची कथा आपल्या मुलांना पाठ असते. तेही हाती करवत-हातोडा घेऊन सुतारकाम करणारे धर्मगुरू होते. त्याच परंपरेचे एक पान आपल्या शेजारच्या जिल्ह्यात लिहिले गेले, हे मात्र त्यांना सांगावे लागते.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाबांनी मूल तालुक्यातील सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. विदर्भातला मे महिना, पहाटेचे श्रमदान, दुपारी व्याख्याने व चर्चा. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या कित्येकांच्या आयुष्याला तेथे वळण मिळाले. त्याच सुमारास, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ केला. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि खेड्यात सात दिवसांचे विशेष शिबिर, हे तिचे स्वरूप आपल्या महाविद्यालयीन मुलांना परिचित आहे. २००६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'निर्माण' हा उपक्रम चालवला. डॉ. अभय बंग यांचे बालपणीचे शिक्षण सेवाग्रामच्या नयी तालीम शाळेतच झाले होते. १९३७ साली वर्ध्यात पेरलेले बी असे पुढच्या पिढीत पुन्हा उगवले.

कुहीहून या साऱ्या वाटा एके काळी छोट्या गाडीने जोडलेल्या होत्या. नागपूरहून नागभीडला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी कुहीच्या स्थानकावर थांबे. नागभीडला गाडी बदलली, की मूलपर्यंत आणि तेथून सोमनाथपर्यंत जाता येई. रुंदीकरणासाठी ती गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. पण मूळ प्रश्न गाडीचा नाही. सेवेसाठी किंवा अनुभवासाठी दरवेळी दूरच जावे लागते का?

कुही तालुक्याकडेच पाहा. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. कुही, भिवापूर व पवनी या तालुक्यांतील अनेक गावांना त्या पाण्यासाठी आपली जागा सोडावी लागली. पुनर्वसन वसाहतींत आज असे वृद्ध आहेत, की ज्यांच्या आठवणीखेरीज जुन्या गावाचा नकाशा कोठेही उरलेला नाही. पाणवठा कोठे होता, क्रूस वा देऊळ कोठे होते, कोणाचे वावर कोणाच्या धुऱ्याला लागून होते, हे एखाद्या मुलीने त्यांच्याजवळ बसून लिहून घेतले, तर तो इतिहासलेखनाचा अनुभव होईल आणि सेवाही. त्याच सुमारास याच तालुक्यातील अडम येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन सुरू केले आणि अस्मक जनपदाचा उल्लेख असलेली मुद्रा मातीतून वर आली. त्याआधी १९७० च्या दशकात मांढळ येथे नागपूर विद्यापीठाने वाकाटककालीन अवशेष उजेडात आणले होते. आंभोऱ्याच्या संगमावर मुकुंदराजांनी 'विवेकसिंधू' रचला, अशी विदर्भाची परंपरा सांगते. ज्या तालुक्याच्या मातीत एवढे आहे, तेथील मुलांनी 'आमच्याकडे काय आहे?' असे म्हणत नागपूरची वाट धरावी, याची खंत वाटते. मिरचीच्या सातऱ्यांवर दिवसभर देठ खुडणाऱ्या बायांच्या मुलांना संध्याकाळी शिकवणे, ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या म्हाताऱ्यांना कागद वाचून दाखवणे, पीकविम्याचे अर्ज भरून देणे, ही कामे कोणत्याही जाहिरातीत छापून येत नाहीत. ती विचारावी लागतात.

मग निवड कशी करावी? वर सांगितलेल्या इतिहासातून चार प्रश्न हाती येतात. पहिला, हे काम कोणी मागितले आहे? एनच्या गावकऱ्यांना न विचारता केलेले उदात्त कामही टिकले नाही. दुसरा, शिकवणारे कोण आहे? सिस्टर रोझालीसारखी वस्ती जाणणारी व्यक्ती जेथे नसेल, तेथे तरुणाचा वेळ जातो आणि गरिबाची अडचण वाढते. तिसरा, माझ्यानंतर काय उरेल? शातियाँच्या पाळ्यांची यादी उरली, म्हणून ती दया नासली नाही. सात दिवसांच्या शिबिरात रंगवलेली भिंत पहिल्या पावसात धुऊन जाते. शिकवलेली अक्षरे राहतात. आणि चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. याचा खर्च कोणाच्या पदरातून होणार आहे?

या चौथ्या प्रश्नापाशी थांबणे आवश्यक आहे. कारण अनुभवाच्या नावाने फुकट राबवून घेण्याची प्रथा समाजात आहे. शिकाऊ उमेदवारी आणि स्वयंसेवा यांतील भेद पालकांनी समजून घ्यावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवाराला विद्यावेतनाचा हक्क आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये ठरवण्यात आले. जेथे मालकाला नफा होतो, तेथे काम करणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे; लेओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला, तो काही केवळ गिरणी कामगारांपुरता नव्हता. स्वयंसेवा शोभते ती ज्याला मोबदला देणे परवडत नाही अशा माणसाच्या दारी. दुकानदाराच्या गल्ल्यासाठी मुलगा सहा महिने फुकट राबला, तर ती सेवा नव्हे, शिक्षणही नव्हे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खरी सेवासंस्था प्रवासखर्च देऊ शकत नाही, आणि मजुराच्या घरातील मुलीला मे महिन्यातील आठ दिवसांची मजुरी बुडवून शिबिराला जाणे परवडत नाही. परिणामी, सेवेचा अनुभव हा खात्यापित्या घरांतील मुलांचा दागिना होऊन बसतो. ज्यांना त्या अनुभवाची आणि त्यातून होणाऱ्या ओळखींची सर्वांत अधिक गरज असते, ती मुले पुन्हा चौकातच उभी राहतात. येथे धर्मग्रामाचे काम सुरू होते. सणासुदीच्या रोषणाईतून काही रक्कम बाजूला काढून दरवर्षी दोन-तीन मुलांचा प्रवासखर्च व बुडणारी मजुरी भरून देणे, ही काही अशक्य गोष्ट नाही. मुलगी जाणार आहे ती जागा आधी कोणा वडीलधाऱ्या बाईने जाऊन पाहावी, तेथे राहण्याची सोय व जबाबदार व्यक्ती कोण हे विचारून यावे. परत आल्यावर तिने मिस्सेनंतर चार वाक्यांत आपला अनुभव सांगावा; त्यातील अपयशही सांगावे. त्या चार वाक्यांनी पुढच्या मुलाला जो पत्ता मिळेल, तो कोणत्याही सूचनाफलकावर मिळणार नाही.

दाखल्यातील धनी दिवसातून पाच वेळा बाजारात जातो. पहाटे, तिसऱ्या तासाला, दुपारी, नवव्या तासाला आणि अखेरीस अकराव्या तासाला. त्याने मजुरांना आपल्या वाड्यावर येऊन अर्ज करावयास सांगितले नाही. तो स्वतः चौकात गेला आणि शेवटच्यांच्याही चुलीचा विचार करून त्याने मजुरी दिली. आपल्या मुलांनी काम शोधावे, पारखून निवडावे, हे तर खरेच. पण त्या अकराव्या तासाला चौकात जाऊन त्यांना हाक मारणारे कोणी आपल्या धर्मग्रामात आहे का, हा प्रश्न मुलांसाठी नाही. तो आपल्यासाठी आहे.